थांबवा म्हणणाऱ्याचं शिक्षण

माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे क्वालिटी या विषयातच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असं तिनं ठरवलं आहे. माझा थोरला भाऊ डिप्लोमा करून भोसरीच्या एका कारखान्यात लाईन इन्स्पेक्टर म्हणून चिकटला आणि चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून क्वालिटी हेड म्हणून निवृत्त झाला. भाची आपल्याच वाटेनं निघाली याचा त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यानं कडाडून विरोध केला. दोघांचं बोलणं मी ऐकत होते, मधूनमधून तोंडही घालत होते. या क्षेत्रात मुलांना पाठवावं की नाही, असा प्रश्न आणखी काही घरांत असणारच, म्हणून ते सगळं इथे मांडते आहे.

मामा: सरळ सांगतो. एम.टेक. करायचं तर डिझाईनमध्ये कर, प्रॉडक्शनमध्ये कर. क्वालिटी वर्गात बसून येत नाही. मशीनपाशी उभं राहून येते.

भाची: डिप्लोमाला तू मेट्रॉलॉजी शिकला होतासच की.

मामा: शिकलो होतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, साईन बार, स्लिप गेज. सगळं परीक्षेपुरतं. प्रॅक्टिकलला एका मायक्रोमीटरभोवती अख्खी बॅच. पहिलं खरं शिक्षण कंपनीत झालं. एक जुने इन्स्पेक्टर होते, त्यांनी सांगितलं, आधी पीस पुसायचा, मग गेज पुसायचं, मग मोजायचं. कूलंटचा थेंब आणि धातूची बारीक बर यांनी किती रीडिंगं खोटी ठरतात, ते कुठल्या पुस्तकात वाचलंस तू? बरं, एक सांग. २५ मिलिमीटरचा बोअर, एच-सेव्हन. टॉलरन्स किती?

भाची: शून्य ते अधिक २१ मायक्रॉन.

मामा: बरोबर. आता पीस मशीनवरून निघाला तेव्हा गरम होता. समज, ४५ अंश. ऑपरेटरनं तसाच बोअर गेज घातला, काट्यानं पाच मायक्रॉन अधिक दाखवलं, म्हणून ओके करून पीस पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी असेंब्लीतून फोन येतो, पिन जात नाहीये. का?

भाची: मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश. म्हणजे पीस २५ अंशांनी जास्त तापलेला. पोलाद मीटरला दर अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ मिलिमीटरवर… सात मायक्रॉन. थंड झाल्यावर बोअर दोन मायक्रॉननं अंडरसाईज.

मामा: २१ मधले सात. म्हणजे एक तृतीयांश टॉलरन्स नुसत्या उष्णतेनं खाल्ला. अॅल्युमिनियम असतं तर जवळजवळ दुप्पट. हे मला कुठल्याही प्राध्यापकानं सांगितलं नाही. असेंब्लीच्या फोरमननं चार लोकांत वाजवलं, तेव्हा कळलं.

भाची: मग मी म्हणते तेच झालं ना? तुला ते माल रिजेक्ट झाल्यावर कळलं. मला आत्ता इथे बसून, एकही पीस वाया न घालवता काढता आलं.

मामा: काढता आलं, कारण मी विचारलं. तिथे कुणी विचारणार नाही. समोर ट्रेभर पीस असतील, ऑपरेटर पुढच्या पीससाठी घाई करत असेल. अशा वेळी पीसला हात लावून 'हा गरम आहे, थांब' असं म्हणशील का, ते सांग.

इथे मी दादाला अडवलं. हात लावायला कारखाना शिकवेल, पण हात कशासाठी लावायचा ते आधी ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं. पुण्यात मेकॅनिकलला 'मेट्रॉलॉजी अँड क्वालिटी कंट्रोल' हा विषय वर्षानुवर्षं शिकवला जात आला आहे. एका सत्रात मोजमापाची साधनं, लिमिट गेज, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, संख्याशास्त्र आणि वर व्यवस्थापनाची तत्त्वं, इतकं सगळं कोंबलेलं. त्यातून विषयाची तोंडओळख होते, हातात विषय येत नाही. माझी मुलगी पुढे शिकायचं म्हणते ते याच कारणानं.

भाची: मामा, गो आणि नो-गो गेज तू आयुष्यभर वापरलंस. ते काय सांगतं? पीस पास की नापास, एवढंच. आपण कडेच्या किती जवळ आलो आहोत, हे ते सांगत नाही. तोच बोअर दर तासाला पाच-पाच पीस घेऊन मोजला आणि सरासरी कागदावर मांडत गेलो, तर काय दिसतं? बिंदू एकामागून एक खाली सरकताहेत. टूल झिजतंय. अजून एकही पीस टॉलरन्सबाहेर गेलेला नाही, गेज प्रत्येक वेळी हो म्हणतंय. पण सलग सात बिंदू एकाच दिशेनं चालले की चार्ट ओरडून सांगतो, इन्सर्ट बदला. रिजेक्शन होण्याआधी.

मामा: चार्ट मला शिकवू नकोस. एक्स-बार आर चार्ट मी भिंतीभर लावलेत.

भाची: लावलेस. पण कंट्रोल लिमिट कुठून येते, ते ऑपरेटरला सांगितलंस का? माझ्या इंटर्नशिपमध्ये मी चार्टवर ड्रॉइंगचीच टॉलरन्स लाल रेघेनं मारलेली पाहिली. त्याचा काय उपयोग? ड्रॉइंगची मर्यादा डिझायनर ठरवतो. कंट्रोल लिमिट प्रक्रिया स्वतः ठरवते, तिच्या स्वतःच्या चढउतारावरून. सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन सिग्मा. प्रक्रिया ठीक चालली असेल तर हजारातले ९९७ बिंदू त्या पट्ट्यात पडतात. बाहेर पडला की कारण शोधायचं. आत असेल तर मशीनला हात लावायचा नाही. आपले सेटर दर दोन पीसमागे ऑफसेट बदलतात आणि चढउतार वाढवून ठेवतात.

हे तिचं म्हणणं दादालाही मान्य करावं लागलं. उगाच ऑफसेट फिरवणारे सेटर त्यानं आयुष्यभर पाहिले आहेत. असा कंट्रोल चार्ट वॉल्टर शूहार्ट यांनी मांडला. अमेरिकेत टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना १६ मे १९२४ रोजी त्यांनी वरिष्ठांना एक छोटंसं टिपण दिलं, त्यात तो पहिल्यांदा होता. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली होती. पुढे याच संस्थेनं मुंबईसारख्या औद्योगिक शहरांत संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रं काढली आणि गिरण्या-कारखान्यांत जाऊन लोकांना शिकवलं. आज तिथे 'क्वालिटी, रिलायबिलिटी अँड ऑपरेशन्स रिसर्च' असा दोन वर्षांचा एम.टेक. आहे. इंजिनिअरिंगची मुलंही त्याला बसू शकतात. माझ्या मुलीच्या मनात तोच आहे.

मामा: चल, चार्ट मान्य. आता तो चार्ट भरतं कोण ते सांग. शिफ्ट संपताना एकाच पेनानं, एकाच बैठकीत, आठ तासांची रीडिंगं भरलेली मी पाहिली आहेत. सगळी कशी छान, मधोमध. तुझं संख्याशास्त्र त्यापुढे काय करणार?

भाची: तेच तर पकडणार. खऱ्या रीडिंगांत पसारा असतो. खोटी रीडिंगं गरजेपेक्षा शहाणी असतात. रेंज फारच कमी येते, शेवटचा अंक पुनःपुन्हा शून्य आणि पाच येतो. आणि त्याआधीचा प्रश्न, मोजणाराच एकसारखं मोजतो का? दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकानं दोन-तीनदा मोजायचं. गेज आणि माणूस मिळून होणारा फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर ठीक, तीस टक्क्यांच्या वर गेला तर ते मोजमाप टाकून द्यायचं. हा मोजमाप तपासण्याचा अभ्यास, एमएसए, न करता चार्ट लावणं म्हणजे डोळे न तपासता चष्मा लावणं.

मामा: एमएसए आम्ही करायचो. ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात.

हे सांगताना दादाचा आवाज उतरला, आणि मग तो मूळ मुद्द्यावर आला. त्याचा विरोध शिक्षणाला नव्हताच, हे मला तेव्हा कळलं.

मामा: तुला खरं कारण सांगतो. महिनाअखेर असते. ट्रक लागलेला असतो. पीडीआयला, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीत, लॉट होल्ड झालेला असतो, एका भागाची हार्डनेस कमी आलेली. तू लाल टॅग लावतेस. दहा मिनिटांत प्रॉडक्शनचा माणूस येतो, मग प्लांट हेडचा फोन येतो. 'थोडंच तर कमी आहे. डेव्हिएशनवर सोडून द्या, पुढच्या लॉटला बघू.' डेव्हिएशनवर सही कुणाची? क्वालिटीची. मी एकदा अडून बसलो, तर दुसऱ्याकडून सही घेऊन लॉट गेला. महिनाभरात ग्राहकाची लाईन थांबली. मग त्यांच्या शेडमध्ये उभं राहून हजारो पीस सॉर्ट करायला कोण गेलं? मी आणि माझी पोरं. ग्राहकाला द्यायच्या एट-डी रिपोर्टमध्ये मूळ कारण काय लिहिलं? 'इन्स्पेक्टरचं दुर्लक्ष.' जबाबदारी आपली, निर्णय दुसऱ्याचा. हे तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढंच.

भाची: मामा, वाहन उद्योगाचं जे प्रमाण आहे, आयएटीएफ १६९४९, त्यात स्पष्ट लिहिलंय. गुणवत्तेची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला माल रोखण्याचा आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे. ते तुमच्या कंपनीत होतं ना?

मामा: फ्रेम करून लावलं होतं.

भाची: तर मग तू त्या दिवशी ते दाखवलं का नाहीस? तू चुकलास असं म्हणत नाहीये मी. तुला आकड्यात बोलायला कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच म्हणते. 'हार्डनेस कमी आहे' म्हटल्यावर समोरचा 'थोडीच कमी आहे' म्हणतो. तेच जर 'या लॉटमधले इतके पीस मर्यादेखाली जातील, ते ग्राहकाकडे सापडले तर सॉर्टिंग, परत वाहतूक आणि लाईन बंदचा दंड मिळून इतके रुपये, इथेच पुन्हा हीट ट्रीटमेंट केली तर इतके' असं एका पानावर ठेवलं, तर प्लांट हेडला सही करताना विचार करावा लागतो. मला शिकायचंय ते हे.

मामा: आणि तरी त्यानं सोडलं तर?

या प्रश्नावर ती गप्प बसली. मी बोलले, कारण मला औषधांचं उदाहरण आठवलं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं, म्हणजे गाड्यांच्या कूलंटच्या जातकुळीतलं रसायन. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं ती सगळी साखळी उघडी केली. खरेदी, तपासणी, परवाने, प्रशासन, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी थांबवायला हवं होतं आणि थांबवलं नव्हतं. त्यानंतर इतकी वर्षं गेली. २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या सिरपनं मुलं गेली, तेव्हाही जागतिक आरोग्य संघटनेच्या इशाऱ्यात हेच रसायन होतं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पुन्हा तेच. त्यातली बरीच मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाचा नमुना घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासला असता, तर हे रसायन पहिल्याच दिवशी सापडलं असतं. ती चाचणी नवी नाही, अवघडही नाही. ती करणारा आणि 'पिंप आत घेणार नाही' म्हणणारा माणूस हवा.

भाची: म्हणून तर औषधांच्या कायद्यात, शेड्यूल एममध्ये, क्वालिटी कंट्रोलचा प्रमुख प्रॉडक्शनपासून स्वतंत्र असला पाहिजे असं लिहिलंय. मामा, तू निघून गेला असतास, तर तुझ्या जागी कोण आलं असतं? सही करणाराच आला असता ना?

मामा: (बऱ्याच वेळानं) तुझी मैत्रीण ती, एम.फार्म. करते आहे, ती याच विषयात ना?

भाची: क्वालिटी अॅश्युरन्समध्ये. त्यांच्याकडे एचपीएलसी या पृथक्करणाच्या यंत्रावर एक नमुना नापास झाला की आधी चौकशी, मगच पुन्हा चाचणी. नापास निकाल पुसून नमुना पुन्हा चालवला तर ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदींत, वेळेसकट दिसतं. अमेरिकेच्या एफडीएचे तपासनीस येतात ते आधी तिथेच बघतात.

मग बोलणं नोकऱ्यांवर आलं, आणि इथे दादाचा अनुभव फार कामाचा होता. नवा मुलगा लागतो तो इनकमिंग इन्स्पेक्शनला किंवा लाईनवर. तिथेच पाच-सात वर्षं रुतून बसला तर वाढ खुंटते, असं दादा म्हणाला. पुढे दोन फाटे आहेत. एक बाहेरचा, सप्लायर क्वालिटीचा. पुरवठादारांच्या कारखान्यांत जायचं, त्यांचे पीपॅप, म्हणजे उत्पादनाआधीच्या मंजुरीचे कागद, मंजूर करायचे, त्यांची प्रक्रिया सुधारून घ्यायची. यात फिरती खूप, पण माणूस घडतो. दुसरा फाटा मोजमापाचा. सीएमएम या त्रिमितीय मोजणी यंत्राचं प्रोग्रॅमिंग, कॅलिब्रेशन, एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी शिकलेल्या मुलांना या कामाची चांगली बैठक असते. पदवीचं वजन जाणवतं ते त्यापुढे, ग्राहकाशी बोलताना, नव्या प्रॉडक्टचं एफएमईए, म्हणजे संभाव्य दोषांचं विश्लेषण, करताना, ऑडिटर होताना. सरकारीत भारतीय मानक ब्युरो सायंटिस्ट-बी पदासाठी गेट परीक्षेच्या गुणांवर भरती करतं. फार्मात जाहिरातीत 'एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट' मागतात, ती राज्याच्या एफडीएची मान्यता अनुभवावर मिळते. सिक्स सिग्मा ग्रीन बेल्टच्या झटपट सर्टिफिकेटांबद्दल दोघांचं एकमत झालं. एखादा प्रश्न खरोखर सोडवलेला नसेल तर त्या कागदाला इंटरव्ह्यूत कुणी विचारत नाही.

मी: आणि कॅमेरे आले, मशीनच मोजायला लागलं, तर तुमची माणसं घरी बसणार का?

मामा: डोळ्यानं बघून पीस वेगळे करणारे कमी होतील. झालेच आहेत. पण कॅमेऱ्याला चांगला आणि वाईट पीस कोणता, ते शिकवणारा लागतो. आणि कॅमेरा चुकतोय, हे ओळखणारा लागतो.

भाची: तोच तर एमएसए.

मामा: ऑडिटच्या आठवड्यापुरता नको करूस म्हणजे झालं.

आणखी एक गोष्ट दादानं स्वतःहून सांगितली. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ साली जपानचं डेमिंग पारितोषिक मिळालं. ते मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. कांदिवली आणि नागपूरच्या त्या कारखान्यांतली माणसं आपलीच होती. तेव्हा अशा कंपन्यांच्या पुरवठादारांनाही चार्ट आणि कारणं शोधण्याच्या फिशबोन आकृत्या शिकाव्या लागल्या, आणि दादाच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळात क्वालिटीच्या माणसाला मीटिंगमध्ये खुर्ची मिळायला लागली. वरचा माणूस मनावर घेतो तेव्हा ते घडतं. तो घेत नाही तेव्हा खालच्या पदवीनं काही होत नाही, हे त्याचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं. मुलीचंही आपलं म्हणणं कायम आहे. ती प्रवेश परीक्षेला बसणार आहे.

माझं मत मुलीच्या बाजूनं आहे. क्वालिटीचा अभ्यास स्वतंत्रपणे, खोलवर व्हायला हवा, कारण आपल्याकडे माल तपासणारे पुष्कळ आणि मालातला चढउतार समजणारे थोडे आहेत. पण दादाची एक अट मला पटते. या शिक्षणाला आधी एक पाया हवा. यंत्र, रसायन, औषध किंवा अन्न, कुठलं तरी एक काम हातानं कळलेलं हवं. नुसती क्वालिटी शिकलेला माणूस कुणाच्या चुका सांगणार?

ज्यांची मुलं या वाटेनं निघाली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. कॉलेजची इमारत बघू नका, मेट्रॉलॉजीची प्रयोगशाळा उघडून बघा. तिथे तापमान दाखवणारा काटा आहे का, तो २० अंशांच्या आसपास आहे का, मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचं लेबल आहे का आणि त्यावरची तारीख उलटून गेली आहे का, ते बघा. एका साधनामागे किती मुलं, ते विचारा. औषधनिर्माणाचं कॉलेज असेल तर एचपीएलसी चालू आहे का आणि त्यावर मुलांना बसू देतात का, ते विचारा. आणि मुलांनो, नोकरीच्या इंटरव्ह्यूत पगार विचाराल तेव्हा हेही विचारा, की या कंपनीत क्वालिटी हेड कुणाला रिपोर्ट करतो. उत्तर 'प्रॉडक्शन हेडला' असं आलं, तर दुसरी नोकरी शोधा.